गाडीखाली नीलम्मा

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप सुरू झाला आणि सोलापुरात भवानी पेठेतल्या कलशेट्टींच्या घरात सगळ्यांत आधी आठवण निघाली ती नागम्माची.

नागम्मा ही बसवराज कलशेट्टीची धाकटी बहीण. जेऊरला दिलेली. तिचा नवरा चनमल्लप्पा याचं तिथं किराण्याचं दुकान होतं. नागम्माचं पहिलंच बाळंतपण. सातव्यातच तिला माहेरी आणायचं होतं, पण सासरी दिराचं लग्न निघालं आणि ते राहून गेलं. आता नववा लागला होता. सकाळच्या गाडीत बसायचं की दुपारी सोलापूर, असा साधा बेत होता, तो संपानं मोडला. एसटीला माणसं टपावर बसून जात होती. तसल्या गर्दीत, तसल्या उन्हात, नववा लागलेल्या बाईला कोण बसवणार?

"आपली गाडी हाय की," ईरम्मा म्हणाल्या. बसवराजची आई. त्यांना मुलगी डोळ्यांसमोर दिसत होती, गाडीची अवस्था दिसत नव्हती.

गाडी होती, पण नुसती होती. चादरींचे गठ्ठे वाहायला बसवराजनं घेतलेली जुनी काळी अँबॅसेडर. होटगी रस्त्यानं गठ्ठे भरून येताना एका खड्ड्यात तिचा मागचा डावा पाटा तुटला होता. पाटा म्हणजे चाकावर गाडीचा सगळा भार झेलणारी, पोलादी पट्ट्यांची कमान. तिची सगळ्यांत मोठी पट्टीच मधोमध मोडली. गाडी कशीबशी घरी आणून अंगणात लावली, तेव्हापासून ती एका कुल्ल्यावर बसलेल्या म्हशीसारखी कलून उभी होती. त्यात त्याच आठवड्यात बसवराज दुकानातल्या शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"गाडी नीट झाली तरी चालवणार कोण?" बसवराजनं आपला पांढरा हात वर करून दाखवला.

"मी," नीलम्मा म्हणाली.

नीलम्मा त्याची बायको. तिच्याकडं लायसन होतं. बसवराजनंच हौसेनं तिला पार्क मैदानाच्या कडेनं गाडी शिकवली होती. पेठेत त्यावर बरीच चेष्टा झाली. शिकली, लायसन निघालं, फोटो काढला, आणि मग गाडी घेऊन शहराबाहेर जायची वेळ काही आली नाही.

बसवराजनं तिच्याकडं पाहिलं. नको म्हणायला त्याच्याजवळ कारण नव्हतं. "आदी पाटा तर बसू दे," तो म्हणाला.

पाटा बसवायचं काम रामहरी मिस्त्रीचं. शेजारच्या कमलाकर देशपांड्यांना बरोबर घेऊन नीलम्मा त्याच्या गॅरेजवर गेली. कमलाकर वीज मंडळाच्या कचेरीत होते, मोठ्या अंगाचे, मोठ्या मनाचे, आणि सुट्टीच्या दिवशी कुठलंही यंत्र उघडून बसायची आवड असलेले. गॅरेजवर पाय ठेवायला जागा नव्हती. रेल्वेचा सगळा माल ट्रकांवर आला होता, आणि निम्मे ट्रक जणू रामहरीच्या दारात येऊन मोडले होते.

"नवा पाटा तयार ठेवलाय तुमचा," रामहरी घाम पुसत म्हणाला. "पर बसवायला माणूस न्हाय. ट्रकवाले रोज दारात बसत्यात. पुढल्या आठवड्यात बघू."

"पुढल्या आठवड्यात जेऊरलाच बाळ होईल," नीलम्मा म्हणाली. "कसा बसवायचा ते मला दाखवा. आमी बसवतो."

रामहरी हसला नाही. त्यानं तिला एका ट्रकाजवळ नेलं, खाली वाकायला लावलं, आणि कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, दोन चाकांमधला आडवा दांडा, म्हणजे अक्सल, कसा तोलून धरायचा, सगळं बोटानं दाखवलं. तिनं दोनदा विचारलं, त्यानं दोनदा सांगितलं.

"अवघड कायबी न्हाय," तो म्हणाला. "जड हाय. तेवढं ध्यानात ठेवा."

"गाडी उचलल्यावर खाली लावायच्या लोखंडी घोड्या द्याल?"

त्यानं नुसता हात फिरवला. गॅरेजमधली एकूण एक घोडी कुठल्या ना कुठल्या ट्रकाखाली अडकलेली होती. एक जॅक मात्र त्यानं दिला, बाटलीच्या आकाराचा, तेलावर चालणारा, आणि नवे बोल्ट दिले. पाटा हातगाडीवर घालून दोघं परत आली.

खाली जायचं कुणी, याचा निकाल आपोआपच लागला. कमलाकर गाडीपाशी आडवे झाले, डोकं आत घातलं, खांदे आत घातले, आणि पोटापाशी थांबले.

"गाडी वर उचलली की जमेल," ते तसेच आडवे राहून म्हणाले.

"जमलं तरी हात हलवायला जागा ऱ्हाणार न्हाय, भावजी," नीलम्मा म्हणाली. "तुमी जॅकवर ऱ्हावा. खाली मी जाते."

बसवराजला ते आवडलं नाही, पण त्याला त्याहून जास्त घाई होती. न्हाणीघर बांधताना उरलेल्या विटांचा ढीग परसात पडला होता. "त्या विटा आणा," तो म्हणाला. "दोन्हीकडं रचायच्या, वर फळी टाकायची, झालं. जॅक तर हायच की. लोक नुसत्या जॅकवर कामं करतात."

नीलम्मा परसात गेली आणि एक वीट घेऊन आली. ती तिनं गुडघ्याएवढ्या उंचीवरून अंगणातल्या शहाबादी फरशीवर सोडली. विटेचे तुकडे झाले.

"टाकल्यावर फुटणारच," बसवराज म्हणाला. "आपण काय गाडी आपटणार हाय? भार सावकाश येतोय वरनं. भिंत विटांचीच असती की."

"भिंत हलत न्हाय. गाडी हलती. मी खाली पाना ओढणार, गाडी हलणार, एखाद्या विटंच्या कोपऱ्यावर सगळा भार जाणार. मग काय करायचं?"

"तू उगं भीत हायस."

"भीत न्हाय. खाली कोण जाणार हाय?"

बसवराजनं विटेच्या तुकड्यांकडं पाहिलं.

"मी जाणार हाय," नीलम्मा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मग वर गाडी कशावर टेकवायची ते मी ठरवणार."

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या ईरम्मांनी मान वर केली. सून गाडीखाली जाणार हे त्यांच्या अजून गळी उतरलं नव्हतं, पण एवढं त्यांना पटलं. "ती म्हणती तसं करा," त्या लेकाला म्हणाल्या.

नीलम्माचं माहेर अक्कलकोटचं. तिचे वडील रुद्रप्पा यांची तिथं लाकडाची वखार होती आणि तिचं बालपण ओंडक्यांच्या राशींत गेलं होतं. तिथं हमाल पहारीनं ओंडका उचलायचे, आणि तो वितभर उचलला गेला की लगेच दुसरा गडी खाली लाकूड सरकवायचा. त्याआधी कुणी खाली हात घातलेला रुद्रप्पांना खपत नसे. ईरप्पा नावाच्या गाडीवानानं एकदा भरलेला बैलगाडा दगडांवर टेकवून त्याचं चाक काढलं होतं. दगड निसटला. ईरप्पा वाचला, पण पुढं कायम लंगडत चालला. नीलम्मा त्या वेळी वखारीच्या दारातच उभी होती. गाडा पडल्याचा आवाज तिला अजून आठवत होता.

ती पेठेतल्या वखारीत गेली. वखारवाल्यानं आधी आंब्याचं लाकूड दाखवलं. "हे दबतं," ती म्हणाली. तिला बाभूळ हवी होती, जुनी, वाळलेली. एकेक तुकडा तिनं फिरवून फिरवून पाहिला, चीर दिसली तो बाजूला ठेवला, उरलेल्यांवर हातोडी मारून आवाज ऐकला. पसंत पडले ते तिनं आऱ्यावर सारख्या जाडीचे कापून घेतले. कुणाच्या घरचं काय बांधकाम आहे, असं वखारवाल्यानं विचारलं. गाडी टेकवायची आहे म्हटल्यावर त्यानं आणखी दोन फळ्या न मागता दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत काम सुरू झालं. नीलम्मानं बसवराजचा जुना पायजमा आणि सदरा घातला, केस फडक्यात घट्ट बांधले. कमलाकरांची बायको लीला हिनं अंगणाचं फाटक लावून घेतलं, तरी भिंतीवरून गल्लीतल्या बायकांची डोकी दिसायला लागलीच.

बसवराजनं डाव्या हातानं हँडब्रेक ओढला. कमलाकर जॅक घेऊन मागं निघाले आणि मध्येच थांबले.

"अहो, या हँडब्रेकचा काय उपयोग?" ते म्हणाले. "तो मागच्या चाकांना लागतो. आणि आपण तर मागचीच चाकं उचलणार."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. खरंच होतं. गिअरमध्ये टाकली तरी तेच, जोर मागच्याच चाकांना. मग नीलम्मानं पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडं लावली आणि कमलाकरांनी ती हातोडीनं ठोकून घट्ट बसवली. गाडी जमिनीवर असतानाच डाव्या चाकाचे नट सैल करून घेतले.

"आता टेकवायचं कुटं ते सांगा," नीलम्मा नवऱ्याला म्हणाली. गाडीची हाडं त्याला माहीत होती. तो डाव्या हातावर भार देत खाली बसला, आत वाकला.

"पत्र्याखाली लावू नको, पत्रा दबंल. ही जाड पट्टी दिसती का, पाटा पुढं जिथं अडकवलाय त्याच्या अलीकडं? तितं."

कमलाकरांनी अक्सलखाली जॅक लावून दांडा मारायला सुरुवात केली. कललेली गाडी आधी सरळ झाली, मग तिचं मागचं टोक हळूहळू वर निघालं. थोडं उचललं की नीलम्मा "थांबा" म्हणायची, बाहेरूनच हात लांब करून ठोकळे सारायची. दोन उभे, त्यांवर दोन आडवे, पुन्हा दोन उभे. मग जॅक दुसऱ्या बाजूला. असं आलटून पालटून दोन्हीकडं बाभळीच्या दोन चौकटी उभ्या राहिल्या. शेवटी कमलाकरांनी जॅक उतरवला. गाडी ठोकळ्यांवर बसली. लाकूड एकदा कुरकुरलं आणि गप्प झालं.

"जा आता," बसवराज म्हणाला.

"न्हाय. आदी ढकला."

"काय?"

"गाडी ढकला. सगळ्यांनी. पडायची असंल तर मी बाहेर असताना पडू दे."

कमलाकरांनी खांदा लावला, लीलानं दोन्ही हात लावले, बसवराजनं डावा. गाडी जागची सरकली नाही, पण उजवीकडून बारीक ठकठक ऐकू आली. तिथली फरशी उंचसखल होती आणि खालचा एक ठोकळा डुलत होता. नीलम्मानं ती बाजू पुन्हा उचलायला लावली. वखारवाल्याच्या फळीचा पातळ तुकडा खाली सारला, पुन्हा टेकवलं, पुन्हा ढकलायला लावलं. आता आवाज नव्हता. कमलाकरांनी सगळा जोर लावून पाहिला आणि धापा टाकत म्हणाले, "वहिनी, हिच्यापेक्षा आमचं घर जास्त हलतं."

मग जॅक पुन्हा अक्सलखाली नुसता टेकवून ठेवला, कारण पाटा सुटल्यावर अक्सल तोलून धरायला तो लागणार होता. डावं चाक काढलं. ते चाक नीलम्मानं गाडीच्या पोटाखाली आडवं टाकलं.

"हे आनी कशाला?" बसवराजनं विचारलं.

"ठोकळे सुटलेच तर गाडी ह्याच्यावर टेकंल," ती म्हणाली, आणि पाठीवर सरकत आत गेली.

आत जळक्या तेलाचा आणि मातीचा वास होता. डोळ्यांत माती पडत होती. पाटा अक्सलला धरून ठेवणारे बोल्ट गंजून लाल झाले होते. आदल्या संध्याकाळी तिनं त्यांवर रॉकेल सोडलं होतं, ते ओघळून फरशीवर पसरलं होतं. पहिला नट सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्यानं तिचा घाम काढला. कमलाकरांनी पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी अडकवून दिली, तेव्हा तो कर्र करत फिरला. बाहेरून लीला पाणी हवं का विचारत होती, बसवराज दर मिनिटाला "काय झालं" विचारत होता. ती पुढचा नट चाचपत होती.

शेवटचा नट हलेना. तिनं टाच फरशीला रोवली, नळी दोन्ही हातांनी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून ओढली. नट एकदम सुटला. अक्सलला हिसका बसला. रॉकेलनं निसरड्या झालेल्या फरशीवर जॅकचा पाय सटकला, आणि जॅक आडवा होऊन घरंगळत बाहेर गेला. अक्सल दणकन खाली आला. अंगण हादरलं. गाडीखालून धुळीचा लोट बाहेर पडला.

भिंतीवरची एक बाई किंचाळली. ईरम्मांच्या हातातलं सूप ओट्यावर उलटं झालं. जॅक बसवराजच्या पायाशी येऊन थांबला होता आणि तो त्याच्याकडं नुसता पाहत होता. ज्याच्यावर भरवसा ठेवून त्यानं बायकोला खाली जा म्हटलं असतं, तो जॅक.

"नीलव्वा," ईरम्मा ओरडल्या. "नीलव्वा गं."

कमलाकर गुडघ्यांवर बसून आत डोकावले. धुळीत काही दिसत नव्हतं.

"हाय मी," आतून आवाज आला. मग खोकला. मग पुन्हा, "हाय. कुटं लागलं न्हाय. गाडी हाय तितंच हाय."

खरंच होती. नीलम्मा उताणी पडून वर पाहत होती. गाडीचा काळा तळ तिच्या नाकापासून मघाशी जेवढा वर होता तेवढाच आत्ताही होता. अक्सल तिच्या पायांपलीकडं लोंबत होता, पण गाडी खाली आली नव्हती. तिनं हात लांब करून ठोकळ्यांना लावला. वरचा, मधला, खालचा. एकही जागचा सरकला नव्हता.  तिला हसू आलं. एवढं मोठं लोखंड, आणि ते तिनं निवडलेल्या, तिनं रचलेल्या लाकडावर निमूट बसून होतं.  मग ती सरकत बाहेर आली.

ईरम्मा ओट्यावरून उतरून आल्या होत्या. त्यांनी सुनेच्या तोंडावरून, खांद्यांवरून, हातांवरून हात फिरवला. "साकु, साकु," त्या कानडीत पुटपुटत होत्या. पुरे झालं, पुरे. बसवराज खाली बसला होता. त्यानं डावा हात ठोकळ्यावर ठेवला होता.

"विटा असत्या तर," तो म्हणाला.

"न्हवत्या की," नीलम्मा म्हणाली.

"राहू दे आता. रामहरीला हातापाया पडून घेऊन येतो."

"का? निम्मं काम झालंय की." तिनं लीलाच्या हातातला तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्यायलं, उरलेलं तोंडावर मारलं आणि फरशीकडं बोट केलं. "हितं रॉकेल सांडलंय, त्याच्यावर जॅक उभा केला. चूक तेवढीच. चुलीतली राख आणा."

राखेनं फरशी घासून कोरडी केली. जॅकखाली रुंद फळी घातली. ठोकळे नीलम्मानं एकेक हातानं हलवून पाहिले, गाडी पुन्हा सगळ्यांना ढकलायला लावली, आणि बसवराजनं या वेळी कुणी सांगायच्या आत खांदा लावला. मग ती परत आत गेली, आणि दोन्ही टोकांच्या खिळी काढून तिनं मोडका पाटा बाहेर सरकवला.

नवा पाटा चांगलाच जड होता. एक टोक कमलाकरांनी उचललं, एक नीलम्मानं आतून घेतलं. पुढची खीळ बसली. मागची बसेना, भोकाला भोक जुळेना. बसवराज आडवा झाला, गाल फरशीला टेकवून बघायला लागला आणि तिथूनच सांगायला लागला, "जॅक इवलासा वर. बास. आता खाली. केसभर खाली. आता मार." नीलम्मानं हातोडी मारली. खीळ सुळकन आत गेली. बसवराजच्या तोंडून "बसला" असा शब्द निघाला तो पार गल्लीत ऐकू गेला.

नवे बोल्ट तिनं आळीपाळीनं आवळले, एक थोडा, मग समोरचा थोडा, रामहरीनं दाखवलं होतं तसे. चाक चढवलं. मग ती बाहेर आली, सगळी हत्यारं बाहेर घेतली, आणि त्यानंतरच गाडी उचलून एकेका बाजूचे ठोकळे काढले. गाडी चाकांवर उतरली, जराशी दबली आणि सरळ उभी राहिली. भिंतीपलीकडून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कुणी. लीलानं फाटक उघडलं. ज्या बायका चेष्टा करायच्या त्याच आत येऊन गाडीभोवती फिरायला लागल्या. एकीनं खाली वाकून विचारलं, "आत काळोख असतो का गं?" नीलम्मानं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि पाटा दाखवला.

संध्याकाळी रामहरी स्वतःच सायकलवरून आला. काम बघायला. चाकाशी बसून त्यानं पाना लावून पाहिला, गाडीचं मागचं टोक दाबून पाहिलं. "मी आवळलं असतं तर असंच आवळलं असतं," तो म्हणाला. "टेंभुर्णीला एकदा थांबा आनी परत आवळा. नवा पाटा बसतो जागंवर, बोल्ट ढिलं पडत्यात." चहा घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमाराला गाडी निघाली. नीलम्मा स्टिअरिंगवर, बसवराज शेजारी, मागच्या सीटवर उशा आणि घरातली सगळ्यांत मऊ चादर. पुणे नाका ओलांडला आणि पुढं मोकळा रस्ता दिसला, तेव्हा नीलम्माचे खांदे ताठ झाले. इतक्या मोकळ्या रस्त्यावर तिनं कधी गाडी चालवली नव्हती. मोहोळपर्यंत तिनं गाडी एकाच संथ चालीनं नेली. मोहोळ मागं पडल्यावर तिनं हळूच पाय दाबला. गाडी पळायला लागली. दोन्हीकडं मोकळी काळी रानं, मध्येच एखादं चिंचेचं झाड, एका बाजूला रिकामे पडलेले रूळ. खड्डा आला की बसवराज डोळे मिटायचा. पाटा दबायचा, परत वर यायचा. तिसऱ्या खड्ड्यानंतर त्यानं डोळे मिटणं सोडून दिलं.

टेंभुर्णीला उजनी धरणाच्या कामावरच्या ट्रकांची रांग लागली होती. नीलम्मानं गाडी कडेला सपाट जागी घेतली, पदर खोचला आणि चाकाशी बसून बाहेरूनच पाना घालून बोल्ट आवळले. चहावाला दोन कप घेऊन आला आणि बसवराजला म्हणाला, "डायवर कुटं गेला, मालक? त्याला बी देऊ का?"

"ही काय डायवर," बसवराज म्हणाला. "आनी मिस्त्री बी हीच. तिला आदी दे."

चहावाल्यानं कप तिच्या हातात दिला आणि ट्रकवाल्यांना सांगायला पळाला. गाडी निघाली तेव्हा एका ट्रकवाल्यानं आपला ट्रक मागं घेऊन तिला वाट करून दिली.

जेऊरला नागम्मा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. गाडीचा आवाज ऐकून ती उठायला लागली. चनमल्लप्पा दुकानातून धावत आला. नागम्माची नजर आधी भावाच्या प्लास्टरवर गेली.

"अण्णा, असल्या हातानं गाडी चालवत आलास?"

"मी न्हाय," बसवराज म्हणाला आणि बाजूला झाला.

पलीकडचं दार उघडून नीलम्मा उतरली. अंगावर इरकल साडी, कपाळावर विभूती, आणि नखांत अजून काळं तेल. नागम्मा तिच्याकडं बघतच राहिली. मग तिचा चेहरा फुलला. "वैनी," एवढंच ती म्हणाली आणि तिचे दोन्ही हात धरले, तेल लागलेल्या नखांसकट.

परतीला नीलम्मानं घाई केली नाही. खड्डा लांबूनच हेरायचा, चाक त्याच्या कडेनं काढायचं, न जमलं तर गाडी बैलगाडीच्या चालीनं उतरवायची. उन्हासाठी लीलानं दिलेले पंचे भिजवून खिडक्यांना लावले होते. माढ्याच्या फाट्याजवळ नागम्मानं विचारलं, "वैनी, पाटा परत तुटला तर?"

"मी बसवलाय," नीलम्मा म्हणाली.

पुढं बसवराजनं आरशात पाहिलं तर नागम्मा उशीवर डोकं टेकून गाढ झोपली होती. तो बायकोकडं वळला. तिची नजर रस्त्यावर होती. "आता जरा दमानं घे, ती झोपलीया," तो हळू आवाजात म्हणाला. पण ती आधीच दमानं घेत होती.

उन्हं कलताना गाडी भवानी पेठेत शिरली. चादरींच्या मागांवर बसलेली माणसं खटखट थांबवून दारात आली. ईरम्मा भाकरीचे तुकडे आणि पाण्याचा तांब्या घेऊन फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीवरून एक तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं, तिला लीलाच्या हाती दिलं. मग गाडीच्या खिडकीपाशी आल्या. नीलम्मा उतरायला लागली तर म्हणाल्या, "बस तशीच." आणि स्टिअरिंगवर बसलेल्या सुनेवरून त्यांनी दुसरा तुकडा ओवाळला आणि रस्त्यापलीकडं भिरकावला.

कमलाकर पुढं झाले. "वहिनी, किल्ली द्या. फाटकातून उलटी घेताना खांब फार जवळ येतो, मी लावतो आत."

"लांब व्हा, भावजी," नीलम्मा म्हणाली.

तिनं मान मागं वळवली, गिअर टाकला, आणि सगळी गल्ली बघत असताना गाडी एका दमात, कुठंही न घासता, फाटकातून आत घेतली.